नागपूर विद्यापीठाच्या सीमा : दप्तरें वाचणाऱ्यांसाठीं कांहीं कालखुणा

जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासतांना मोडी कागदांचे रुमाल संपले कीं तळाशीं बहुधा इंग्रजी कागदांचें एक पुडकें निघतें. परीक्षेचीं प्रमाणपत्रें, महाविद्यालयाच्या फीच्या पावत्या, पदवीदान समारंभाची निमंत्रणपत्रिका, एखादें पाठ निखळलेलें विद्यापीठाचें कॅलेंडर असे जिन्नस त्यांत असतात. आमच्या संग्राहक मंडळींची रीत अशी कीं, मोडी आणि बाळबोध कागद तेवढे उचलावे व हें पुडकें पुन्हां बांधून यजमानाच्या स्वाधीन करावें. पुढें तें रद्दींत जातें. छापील कागद हा 'जुना' असूं शकतो ही गोष्टच अद्याप आमच्या अंगवळणीं पडलेली नाहीं. परंतु नागपूर विद्यापीठास ४ ऑगस्ट २०२३ रोजीं शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्याच्या पहिल्या पिढीचे कागद आतां खुशाल जुने समजावे. आणि ते कसे वाचावे ह्याचा थोडा विचार व्हावा, एवढ्यासाठीं हा लेख.

छापील इंग्रजी तर शाळकरी मुलगाहि वाचील, मग त्यांत वाचावयाचें तें काय, असें कोणी म्हणेल. पण ताम्रपटाचीं अक्षरें लागलीं म्हणजे ताम्रपट वाचला असें आपण कधीं समजत नाहीं. त्यांतील 'आहार', 'भुक्ति', 'राज्य' हे शब्द त्या राजाच्या काळीं कोणत्या भूभागास लावीत असत, हें ठरविल्यावांचून दानाचें गांव हातीं येत नाहीं. 'नागपूर विद्यापीठ' ह्या दोन शब्दांचीहि गोष्ट तीच आहे. १९३० सालच्या कागदावरील नागपूर विद्यापीठ सागर-जबलपुरापासून बुलढाण्यापर्यंत पसरलेलें आहे. १९५० सालच्या कागदावरील विद्यापीठ नागपूर आणि वऱ्हाड ह्यांपुरतेंच आहे. १९९० सालच्या विद्यापीठांत वऱ्हाडहि नाहीं. आणि आजचें तर नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया ह्या चार जिल्ह्यांचें आहे. नांव एक, प्रदेश चार. लोकांच्या तोंडीं स्थापनेचें वर्ष असतें आणि नामांतराचें असतें. संशोधकाच्या कामीं येणारीं वर्षें निराळीं, म्हणजे ज्या ज्या वेळीं ही सीमा हलली तीं.

ह्या सर्वांच्या मागें आणखी एक थर आहे, तो प्रथम पाहूं.

नागपुरांत उच्च शिक्षण विद्यापीठाच्या पुष्कळ आधीं आलें. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं १८४६ सालीं येथें शाळा काढली. त्यांच्या पश्चात् त्यांच्या नांवानें १८८३ मध्यें महाविद्यालय निघालें. चीफ कमिशनर मॉरिस ह्यांच्या स्मरणार्थ १८८५ सालीं मॉरिस कॉलेज सुरू झालें. उत्तरेकडे सागर येथें १८३६ सालीं निघालेली सरकारी विद्याशाळा १८७३ मध्यें जबलपुरास नेण्यांत आली, आणि तिचेंच पुढें रॉबर्टसन कॉलेज झालें. परंतु पदवी देण्याचा अधिकार ह्यांपैकीं एकासहि नव्हता. नागपूरचीं महाविद्यालयें प्रारंभीं कलकत्ता विद्यापीठास जोडलेलीं होतीं. १९०४ च्या युनिव्हर्सिटी ॲक्टानें प्रत्येक विद्यापीठाची प्रादेशिक मर्यादा आखण्याची व्यवस्था केली, तेव्हां मध्यप्रांत अलाहाबादच्या वाट्यास आला. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत असल्यामुळें त्याची व्यवस्था वेगळी असे. तो मध्यप्रांतास जोडला गेला तो १९०३ सालीं. तोंपर्यंत, आणि नंतरहि बराच काळ, वऱ्हाडांतील सधन घरांचीं मुलें पुण्यामुंबईची वाट धरीत. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकले, हें उदाहरण सर्वांस माहीत आहेच.

ह्यावरून एक व्यावहारिक सूचना निघते. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांच्या हातीं आजोबांचें कलकत्ता विद्यापीठाचें प्रमाणपत्र आलें, कीं 'हे उच्च शिक्षणासाठीं कलकत्त्यास गेले' असें वाक्य सहज लिहिलें जातें; आणि त्यावर पुढच्या पिढीची कल्पना बंगाली नवजागृतीच्या संस्कारांचा इमला चढविते. वस्तुतः महाल भागांतील घरून सीताबर्डीपर्यंत रोज पायीं जाऊन शिकलेल्या विद्यार्थ्यासहि त्या काळीं कलकत्त्याचीच पदवी मिळे. कागदावर महाविद्यालयाचें नांव आहे काय, हें आधीं पाहावें. विद्यापीठाच्या नांवावरून मनुष्याचा मुक्काम ठरवूं नये. १९०४ नंतरच्या वीस वर्षांतील अलाहाबादच्या पदव्यांसहि हाच नियम लावावा. एकाच कुटुंबांत वडील भाऊ कलकत्त्याचा पदवीधर, मधला अलाहाबादचा आणि धाकटा नागपूरचा, आणि तिघेहि एकाच इमारतींत शिकलेले, असें होणें सर्वथा संभवनीय आहे.

आतां १९२३ साल. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळाच्या कायद्यानें ४ ऑगस्ट १९२३, शके १८४५, रोजीं नागपूर विद्यापीठ अस्तित्वांत आलें. सहा महाविद्यालयें आणि ९२७ विद्यार्थी, एवढाच त्याचा आरंभींचा संसार होता. नागपुरांतील हिस्लॉप व मॉरिस, १९०६ सालापासूनचें विज्ञान महाविद्यालय, जबलपूरचें रॉबर्टसन कॉलेज आणि त्याच वर्षीं अमरावतीस निघालेलें किंग एडवर्ड कॉलेज हीं त्या काळचीं प्रमुख महाविद्यालयें. पहिले कुलगुरु सर बिपिन कृष्ण बोस हे नागपुरांत वकिली करून येथलेच झालेले बंगाली गृहस्थ. नागपूर मराठी, जबलपूर हिंदी, कुलगुरु बंगाली, आणि व्यवहाराची भाषा इंग्रजी असा हा मेळ होता. सीताबर्डीच्या शून्य मैलाच्या खांबावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल हीं नांवें मैलांच्या अंकांसह कोरलेलीं आहेत. तीं वाचावीं म्हणजे ह्या विद्यापीठाचा उत्तरेकडील पसारा डोळ्यांपुढें उभा राहतो. आज त्या खांबाजवळून जाणाऱ्या विद्यार्थ्यास तीं परराज्यांतील गांवें वाटतात. १९२३ च्या विद्यार्थ्यास तीं आपल्याच परीक्षेचीं ठिकाणें होतीं.

१९२५ सालीं विद्यापीठानें स्वतःचें विधि महाविद्यालय काढलें. हें साल लहान दिसतें, पण महत्त्वाचें आहे. तोंपर्यंत विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी कचेरी होती. येथून तें शिकवूं लागलें. मॉरिस कॉलेजांतून १९२६ सालीं पदवीधर झालेले महंमद हिदायतुल्ला केंब्रिजहून परत आल्यावर १९३५ ते १९४३ पर्यंत ह्याच विधि महाविद्यालयांत शिकवीत होते. १९६८ सालीं ते भारताचे सरन्यायाधीश झाले. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० सालीं वारले. त्यांनीं मृत्युपत्रानें विद्यापीठास सुमारें ३५ लक्ष रुपये उपयोजित विज्ञान व रसायन ह्यांच्या शिक्षणासाठीं ठेविले होते, आणि त्यांतून १९४२ सालीं, ऐन महायुद्धांत, लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. त्या काळच्या ३५ लक्षांची किंमत काय होती हें वाचकांस सांगावयास नको. सरकारनें कायदा दिला, पण विद्यापीठास शिकविण्याचें बळ आलें त्यांत एका खाजगी माणसाच्या तिजोरीचा वाटा मोठा आहे, एवढें येथें नमूद करणें उचित होय.

ह्याच काळांतील एक प्रकरण मराठवाड्यांतील व तेलंगणांतील संग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. १९३८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानांत 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हट्टावरून उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेंतील शेंकडों विद्यार्थ्यांस वसतिगृहांतून व वर्गांतून काढून लावण्यांत आलें. दुसरीं विद्यापीठें त्यांस घेण्यास कचरत असतां नागपूर विद्यापीठानें, कुलगुरु केदार ह्यांच्या पुढाकारानें, त्यांस दार उघडें केलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकींच एक. विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयास आज त्यांचें नांव आहे. म्हणून औरंगाबाद, नांदेड किंवा वरंगळ येथील एखाद्या घरांत १९३९ ते १९४२ च्या सुमाराचें नागपूरचें प्रमाणपत्र मिळालें, तर तो योगायोग समजून बाजूस ठेवूं नये. विद्यापीठाच्या कायदेशीर सीमेच्या बाहेरचा असा कागद म्हणजे बहुधा एका चळवळीचा पुरावा असतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या साधनांत त्याची गणना व्हावयास पाहिजे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आमच्या मतें नागपूर विद्यापीठाच्या इतिहासांत १९२३ च्या खालोखाल महत्त्वाचें वर्ष १९४६ हें आहे, आणि गौरवग्रंथांतून त्यावर फारसा भर दिला जात नाहीं. कारण त्या वर्षीं विद्यापीठास कांहीं मिळालें नाहीं, त्याचें कांहीं गेलें. सागरचे सुपुत्र सर हरिसिंग गौर हे हिस्लॉप कॉलेजचे जुने विद्यार्थी, दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरु आणि पुढें नागपूरचेहि कुलगुरु. त्यांनीं स्वतःच्या कमाईंतून २० लक्ष रुपये घालून १८ जुलै १९४६ रोजीं सागर विद्यापीठ स्थापन केलें. जबलपूर, सागर, रायपूर वगैरे महाकोशल-छत्तीसगडांतील महाविद्यालयें नव्या विद्यापीठाकडे गेलीं. नागपूरकडे राहिला तो नागपूर-वऱ्हाडचा मराठी मुलूख.

ह्या घटनेचें मर्म कालक्रम मांडल्याशिवाय कळत नाहीं. राज्य एकच होतें. मध्यप्रांत व वऱ्हाड, आणि १९५० पासून मध्यप्रदेश, ह्या द्विभाषिक राज्याची राजधानी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूरच होती. जबलपूरचा मनुष्य कायदेमंडळासाठीं आणि हायकोर्टासाठीं नागपुरास येत होता. परीक्षेसाठीं मात्र दहा वर्षांपूर्वींच सागराकडे वळला होता. म्हणजे मराठी-हिंदी प्रदेशांची जी रेषा राज्यपुनर्रचनेनें १९५६ सालीं नकाशावर ओढली, ती विद्यापीठाच्या कारभारांत १९४६ सालींच पडली होती. भाषावार प्रांतरचनेचा इतिहास आपण कमिशनांच्या अहवालांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत शोधतों. १९५३ चा नागपूर करार त्यांत येतो, फाजल अली कमिशन येतें. परंतु त्या रेषेचा एक आरंभीचा मसुदा महाविद्यालयांच्या संलग्नतेच्या यादींत सांपडतो, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. कुलगुरु गौर ह्यांच्या मनांत भाषिक विभागणी होती असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांना आपल्या जन्मगांवीं विद्यापीठ हवें होतें. कर्त्याचा हेतु एक आणि कृतीचा परिणाम दुसरा, ही इतिहासांतील नेहमींची गोष्ट आहे.

परिणाम लगेच दिसूं लागला. सीमा बहुतांशीं भाषेच्या सीमेस येऊन मिळाल्यावर शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न टाळतां येईना. १९४६ नंतरच्या वर्षांत नागपूर विद्यापीठानें मराठी व हिंदी ह्या भाषांस पदवीच्या शिक्षणांत माध्यमाचें स्थान दिलें. ह्याच सुमारास डॉ. रघुवीर हे नागपुरांत संस्कृत धातूंवरून पारिभाषिक शब्द घडविण्याचें प्रचंड काम करीत होते. त्या शब्दांची टिंगल पुष्कळ झाली, आणि कांहीं शब्द खरोखरच जिभेवर येईनात. तरी 'अभियंता', 'प्राधिकरण' अशा शब्दांनीं आजचें कोणतेंहि सरकारी पत्रक भरलेलें असतें. त्या वर्षांतील मराठी क्रमिक पुस्तकें, टाइपलिखित टिपणें, दोन्ही भाषांत छापलेल्या प्रश्नपत्रिका हें सर्व साहित्य शास्त्रीय मराठीच्या इतिहासाचें साधन आहे. कोशकारास जो शब्द प्रथम केव्हां वापरला गेला हें हवें असतें, तो अशाच क्षुद्र वाटणाऱ्या कागदांत दडलेला असतो.

सीमा हलल्यानें विद्येच्या कामावर काय घडतें, ह्याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांच्या ग्रंथांचें आहे. १९१९ पासून ते मॉरिस कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक होते. त्रिपुरीचे कलचुरि, म्हणजे जबलपूरजवळील तेवरचे राजे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता, तेव्हां तेवर हें गांव त्यांच्याच विद्यापीठाच्या कक्षेंत होतें. कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा त्यांचा खंड 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम् इंडिकॅरम्' ह्या मालेंत १९५५ सालीं निघाला. त्या वेळीं तेवर दुसऱ्या विद्यापीठांत गेलें होतें. वाकाटकांचा खंड १९६३ सालीं निघाला. तोंपर्यंत नागपूर महाराष्ट्रांत आलें होतें, आणि वाकाटकांचे शिवनी व बालाघाट येथें सांपडलेले ताम्रपट ज्या भूमींतून निघाले ती परराज्यांत गेली होती. प्रवरसेनाच्या राज्याचे दोन तुकडे त्याच्या शत्रूंनीं केले नसतील असे कागदावर झाले. आजचा विद्यार्थी वाकाटकांस 'विदर्भाचे राजे' म्हणतो, त्यास हीच आधुनिक रेषा कारण आहे. ताम्रपटांच्या सापडीच्या ठिकाणांवरून ही समजूत सहज दुरुस्त होते.

हस्तलिखितांच्या बाबतींत तर अडचण रोजची आहे. मध्यप्रांतांतील संस्कृत पोथ्यांची डॉ. कीलहॉर्न ह्यांची यादी १८७४ सालीं नागपुरांत छापली गेली, आणि रायबहादूर हिरालाल ह्यांची मध्यप्रांत-वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची विस्तृत सूचि १९२६ सालीं. दुसरी सूचि विद्यापीठाच्या पहिल्या दशकांतली, आणि तिचा प्रदेश जवळजवळ विद्यापीठाचाच प्रदेश. आज त्या सूचींतील एखाद्या पोथीचा माग काढावयाचा झाल्यास महाराष्ट्र, मध्यप्रदेश आणि २००० सालापासून छत्तीसगड अशा तीन राज्यांत हिंडावें लागतें, आणि गांवांचीं नांवें तेव्हांच्या जिल्ह्यांप्रमाणें दिलेलीं असल्यानें प्रथम जुना नकाशा उघडावा लागतो. ह्याच सूचीनें कारंजा येथील जैन भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. येथें एका घोटाळ्याविषयीं सावध करणें जरूर आहे. सूचिकार रायबहादूर हिरालाल हे कटनीकडील सरकारी अधिकारी व पुराणवस्तुसंशोधक. कारंजाच्या पोथ्यांवरून 'करकंडचरिउ', 'पाहुडदोहा' इत्यादि ग्रंथ संपादणारे आणि १९३९ पासून अमरावतीहून 'षट्खंडागमा'ची धवला टीका प्रसिद्ध करणारे प्राध्यापक हिरालाल जैन हे दुसरे. ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत संस्कृत शिकवीत. दोघांचा काळ एकमेकांस भिडलेला, विषय शेजारचे, आणि पत्रांवर सही पुष्कळदां नुसती 'हिरालाल'. रायबहादूर १९३४ सालीं वारले, एवढें ध्यानांत ठेविलें तरी निम्मा घोटाळा टळतो.

सीमा आखडली तसें काम उथळ झालें, असें मात्र नाहीं. उलट प्रदेश लहान झाल्यावर विद्यापीठानें आपल्या पायाखालची जमीन खणावयास घेतली. प्राचीन भारतीय इतिहास विभागाचे डॉ. शां. भा. देव ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९६७ सालीं पवनार, १९६८-६९ मध्यें टाकळघाट व खापा, १९६९-७० मध्यें केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या सहकार्यानें पवनी आणि १९७० ते १९७२ मध्यें माहुरझरी येथें उत्खननें झालीं. ह्या प्रत्येकाचा अहवाल विद्यापीठानें काम संपल्यापासून दोन वर्षांच्या आंत छापला. उत्खननांचे अहवाल वीस-वीस वर्षें रखडण्याच्या आपल्या देशांत ही गोष्ट कोणत्याहि पदकापेक्षां मोठी आहे. पवनीस स्तूपांचे अवशेष मिळाले; माहुरझरीच्या शिलावर्तुळांत घोड्यांचीं हाडें व त्यांचे तांब्याचे साज मिळाले. पुढें १९७५ पासून मांढळ येथें डॉ. अजयमित्र शास्त्री प्रभृतींनीं काम केलें. तेथें वाकाटककालीन मंदिरांचे पाये, शिल्पें आणि ताम्रपट उजेडांत आले, आणि मिराशींच्या १९६३ च्या खंडास पुरवणी जोडण्याची वेळ आली. प्रवरपूर म्हणजे पवनार हें मिराशींचें मत. त्यासहि रामटेकजवळच्या मनसर येथें १९९७ नंतर झालेल्या उत्खननानें आव्हान मिळालें आहे. आमचा कल मनसरकडे झुकतो. तरी पवनारचा पक्ष सर्वस्वी सुटला असें म्हणवत नाहीं.

टाकळघाटच्या नांवाशीं थोडें थांबावें असें वाटतें. ज्या हिस्लॉपांच्या शाळेपासून नागपुरांतील उच्च शिक्षणाचा धागा निघतो, ते भूगर्भशास्त्राचे आणि पुराणवस्तूंचे मोठे जिज्ञासू होते. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहून, तेथील खोदकाम आटोपून रात्रीं घोड्यावरून परत येतांना बोरीजवळ पुराच्या पाण्यांत ते बुडून मरण पावले. त्यांचीं आदिवासींविषयींचीं टिपणें सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८६६ सालीं छापलीं, म्हणून तीं वांचलीं. एकशें पांच वर्षांनीं त्यांच्याच नांवाचें महाविद्यालय ज्या विद्यापीठास जोडलेलें होतें त्या विद्यापीठानें टाकळघाटास पुन्हां कुदळ लावली.

पोथ्यांच्या अभ्यासकांस अभिमान वाटावा असा आणखी एक काळ म्हणजे १९६६ ते १९७२. ह्या वर्षांत डॉ. वि. भि. कोलते कुलगुरु होते. महानुभावांच्या सांकेतिक लिपींत बंदिस्त असलेलें वाङ्मय समजून घेण्यांत ज्यांनीं हयात घालविली, पोथ्यांची एकेक प्रत मठामठांतून मिळविली, असा मनुष्य विद्यापीठाच्या गादीवर बसला. त्यांचें 'लीळाचरित्रा'चें संपादन १९७८ सालीं प्रसिद्ध झालें, म्हणजे कारभाराचीं सहा वर्षें ह्या कामाच्या मध्यावर येऊन पडलेलीं आहेत. कुलगुरूंच्या सहीचे कचेरीकागद आणि पाठभेदांच्या चिठ्ठ्या एकाच हातच्या असणें हा योग क्वचित् येतो. ह्या वर्षांतील त्यांचीं पत्रें कोणाजवळ असतील तर तीं दोन वेगळ्या फायलींत न लावितां एकत्रच ठेवावीं.

पुढचे टप्पे थोडक्यांत सांगतों. ते सरकारी राजपत्रांत सर्वांस मिळतील. १९६९ सालीं अकोल्यास पंजाबराव कृषि विद्यापीठ झालें व शेतकीचें शिक्षण तिकडे गेलें. १ मे १९८३ रोजीं अमरावती विद्यापीठ निघालें, आणि वऱ्हाड वेगळें झालें. सीमेच्या इतिहासांत ही १९४६ नंतरची दुसरी मोठी फाळणी होय. १९९७ सालीं रामटेकास कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आलें. रामगिरि म्हणजे रामटेक हें मत मिराशींनीं आयुष्यभर मांडलें होतें, त्याचें हें एक प्रकारें शासकीय अनुमोदन झालें. १९९८ सालीं नाशिकचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाल्यावर वैद्यकी गेली. २०११ मध्यें गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झालें आणि चंद्रपूर-गडचिरोली सुटले. शताब्दीच्या वर्षींच, २०२३ सालीं, लक्ष्मीनारायण संस्थेस स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे ज्या देणगीनें विद्यापीठ मोठें झालें ती शाखाहि आतां स्वतःच्या मुळांवर उभी आहे. त्याच वर्षाच्या जानेवारींत भारतीय विज्ञान काँग्रेसचें १०८ वें अधिवेशन विद्यापीठाच्या आवारांत भरलें.

४ मे २००५ रोजीं विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव देण्यांत आलें. ह्यांत एक मौज आहे. महाराजांचा गुरुकुंज आश्रम मोझरीस, अमरावती जिल्ह्यांत. म्हणजे १९८३ च्या रेषेच्या पलीकडे. नामकरण झालें तेव्हां तो आश्रम विद्यापीठाच्या कक्षेबाहेर होता, पण महाराज हयात असतांना, १९६८ पर्यंत, तो आंतच होता. नांव जुन्या सीमेचें आणि सीमा नवी, असें हें जमलें आहे. संतांस सीमा नसते हें खरें. सूचिकारास मात्र असते.

आतां कागद हातीं आल्यावर प्रत्यक्ष काय पाहावें तें सांगून पुरें करितों. प्रमाणपत्रावर तारीख फाटलेली असेल तर महाविद्यालयाचें नांव उपयोगीं पडतें. 'मॉरिस' असल्यास कागद साधारणपणें स्वातंत्र्यापूर्वींचा. पुढें तेंच नागपूर महाविद्यालय झालें, आणि आज त्यास वसंतराव नाईकांचें नांव आहे. 'किंग एडवर्ड' आणि 'विदर्भ महाविद्यालय' हीं एकाच संस्थेचीं दोन काळचीं नांवें. मिराशी १९४७ ते १९५० तेथें प्राचार्य होते, तेव्हां दुसरें नांव रूढ होत होतें. 'रॉबर्टसन कॉलेज' आणि 'नागपूर विद्यापीठ' हीं दोन नांवें एका कागदावर आलीं तर तो १९२३ ते १९४६ ह्या तेवीस वर्षांतलाच. त्याच कॉलेजाबरोबर 'अलाहाबाद' आलें तर त्याआधींचा, 'सागर' आलें तर त्यानंतरचा. अमरावतीच्या महाविद्यालयासह 'नागपूर' असेल तर १९८३ पूर्वींचा. शिक्क्यावर 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज' हीं अक्षरें असतील तर २००५ नंतरचा, मग पदवी केव्हांचीहि असो. कारण जुन्या पदवीचें प्रमाणपत्र हरवल्यावर दुसरी प्रत मागविली तर ती नव्या नांवाच्या कागदावर येते, आणि १९७० च्या पदवीवर २०१० चा शिक्का पाहून तो कागद बनावट ठरविण्याची घाई करूं नये. पुडक्यावर चिठी लावतांना विद्यापीठाचें नांव, महाविद्यालयाचें नांव आणि तें गांव त्या वर्षीं कोणत्या विद्यापीठाच्या कक्षेंत होतें, ह्या तीन गोष्टी शिसपेनीनें लिहाव्या. शाईनें लिहूं नये, ती दोन पिढ्यांत कागद खाते.